बहिणीला मार होतोय, पण तिला घर सोडायचं नाही: सरकारी मदत कुठे आणि कशी मिळते

प्रश्न थोडक्यात असा. लातूर जिल्ह्यातल्या एका भावाची धाकटी बहीण पिंपरी-चिंचवडला दिली आहे. लग्नाला सात वर्षं झाली, पदरात एक मुलगी आणि एक मुलगा. नवरा कंपनीत कायम नोकरीला. दारू पिऊन मारतो, घरखर्चाला पैसे देत नाही, आणि घर सासूच्या नावावर आहे. दोनदा बैठक बसली, दोन्ही वेळा समजूत घालून तिला परत नांदायला पाठवलं. बहीण म्हणते, "पोलिसांत गेले तर हे मला त्याच रात्री बाहेर काढतील, मग लेकरांना घेऊन जाऊ कुठे?" भावाने विचारलंय की फारकत न घेता, घर न सोडता सरकारकडून काही मदत मिळते का, की एफआयआर हाच एक रस्ता आहे?

दादा, मदत मिळते. एफआयआर हा एकच रस्ता नाही, आणि तुमच्या बहिणीच्या बाबतीत तो पहिला रस्ता असेलच असंही नाही. मी समुपदेशक म्हणून बरीच वर्षं याच कामात आहे, आधी पोलिसांच्या आवारातल्या कक्षात आणि नंतर संरक्षण अधिकाऱ्यांबरोबर. तुमच्यासारखा प्रश्न घेऊन येणाऱ्या बहुतेक माहेरच्यांना दोनच वाटा माहीत असतात: सोसायचं, नाहीतर केस करून काडीमोड घ्यायचा. मधली वाट कायद्याने २००६ पासून आखून ठेवलेली आहे, पण ती कोणी सांगतच नाही.

आधी एक गोष्ट मात्र आजच विचारून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्या उत्तरावर अवलंबून आहे. त्याने कधी तिचा गळा दाबलाय का? चाकू, कोयता, रॉकेल, पेट्रोल हातात घेतलंय का? "मारून टाकीन" असं नुसत्या रागात म्हणतो, की कसं मारीन तेही सांगतो? मार अलीकडे वाढलाय का? ती गरोदर आहे का? यातल्या एखाद्याचंही उत्तर हो असेल, विशेषतः गळ्याचं, तर कागदपत्रं, अर्ज, कोर्ट सगळं बाजूला ठेवा आणि तिला मुलांसकट आधी तिथून काढा. गळ्यावर वळ दिसत नाहीत म्हणून दुर्लक्ष करू नका. गळा दाबणारा माणूस पुढे जिवावर उठण्याची शक्यता खूप जास्त असते. निघायच्या आधी "मी चालले" असं त्याला सांगायचं नाही. बाई घर सोडते त्या वेळी आणि त्यानंतरचे काही दिवस धोका सर्वांत जास्त असतो, हे या कामातलं प्रत्येक माणूस सांगेल.

अशा वेळी ११२ ला फोन करायचा, पोलिसांची गाडी येते. १८१ ही महिला हेल्पलाइन आहे, तिथून जवळच्या वन स्टॉप सेंटरशी जोडून देतात. या केंद्राला 'सखी' असंही म्हणतात. केंद्र सरकारने २०१५ मध्ये ही योजना सुरू केली. एकाच छताखाली तात्पुरता निवारा, दवाखान्यात नेण्याची सोय, पोलिसांत तक्रार द्यायला मदत, वकिलाचा सल्ला आणि समुपदेशन मिळावं अशी तिची रचना आहे. मुक्काम साधारण पाच दिवसांचा. त्यापुढे लागला तर शक्ती सदन किंवा राज्य सरकारचं महिला राज्यगृह असतं. मुलं आईबरोबर राहू शकतात, पण मुलगा मोठा असेल तर किती वयापर्यंत घेतात ते फोनवरच विचारून घ्या. दारात पोहोचल्यावर हा प्रश्न निघाला की बाई तिथूनच माघारी फिरते, हे मी पाहिलंय. तिथे जायला एफआयआर लागत नाही, आणि तिची इच्छा असेल तर ती कुठे आहे हे सासरी कळवत नाहीत.

जिवाला तातडीचा धोका नसेल तर आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम २००५ चा आहे, लागू झाला २६ ऑक्टोबर २००६ ला. कोर्टात सगळे त्याला 'डी.व्ही.' म्हणतात. हा कायदा नवऱ्याला तुरुंगात टाकायला केलेला नाही. बाईला मार थांबवून हवाय, डोक्यावर छप्पर हवंय, घरखर्चाला पैसे हवेत, मुलं जवळ हवीत. तर हे सगळं न्यायदंडाधिकाऱ्यांच्या, म्हणजे जेएमएफसी कोर्टाच्या आदेशाने मिळावं यासाठी तो आहे. आदेश मोडला तरच तो गुन्हा होतो, आणि मग मात्र एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. नुसत्या मारहाणीलाच तो हिंसाचार म्हणतो असंही नाही. शिवीगाळ, "मुलगी झाली" म्हणून टोमणे, बळजबरीचा संबंध, पगार हातात न देणं, दागिने काढून घेणं, नोकरी सोडायला लावणं, सगळं त्यात येतं. फक्त नवऱ्याविरुद्ध चालतो असंही नाही. २०१६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर सासू-नणंदेविरुद्धही थेट अर्ज करता येतो. हा कायदा सर्व धर्मांच्या बायकांना लागू आहे. लग्न न करता नवरा-बायकोसारखं राहणाऱ्या बाईलाही तो आहे, भावांच्या जाचाला कंटाळलेल्या बहिणीला आहे, आणि मुलाचा मार खाणाऱ्या आईलाही आहे. या शेवटच्या प्रकारच्या बायका आमच्याकडे सर्वांत उशिरा येतात.

घराचं आधी सांगते, कारण बहिणीच्या मनातली भीती तीच आहे. "घर माझ्या नावावर आहे, मुलाचा काही संबंध नाही, तू निघ" हे सासूचं वाक्य मी इतक्या घरांत ऐकलंय की ते कुठे शिकवतात की काय असं वाटावं. कायदा म्हणतो, ज्या घरात ती त्या नात्याने राहिली ते सामायिक घर; तिथे राहण्याचा तिला हक्क आहे, घर कोणाच्याही नावावर असो. पूर्वी सर्वोच्च न्यायालयाचाच एक निकाल या बाबतीत बायकांच्या आड येत होता. २०२० मध्ये सतीश आहुजा विरुद्ध स्नेहा आहुजा या प्रकरणात तो फिरवला गेला आणि सासू-सासऱ्यांच्या मालकीचं घरही सामायिक घर असू शकतं हे स्पष्ट झालं. ती मालक होत नाही, हे बहिणीला नीट समजावून सांगा. पण तिला हाताला धरून, बॅग रस्त्यावर फेकून बाहेर काढता येत नाही. अगदी तिथे राहणं शक्यच नसेल तर तशीच दुसरी जागा द्या किंवा भाडं भरा असा आदेश कोर्ट नवऱ्याला देऊ शकतं. नवऱ्याने घराबाहेर राहावं असाही आदेश होऊ शकतो. सासूला बाहेर काढण्याचा मात्र होत नाही, कायद्यातच तशी तरतूद आहे.

अर्जात "राहण्याचा आदेश मिळावा" एवढंच मोघम लिहू नका. अमुक खोली, स्वयंपाकघर, संडास-बाथरूम वापरायला मिळावं. वीज, पाणी, गॅस तोडू नये. कुलूप बदलू नये. घर विकू नये की भाड्याने देऊ नये, असं एकेक लिहून मागायचं. कारण आदेश आल्यावर सासरचे बाहेर काढत नाहीत, मीटरचा खटका बंद करतात. गरज पडल्यास जवळच्या पोलीस ठाण्याने मदत करावी असंही कोर्ट आदेशात घालू शकतं. ते मागायला विसरू नका.

आता हे मिळवायचं कोणाकडून? संरक्षण अधिकाऱ्याकडून. हे पद याच कायद्याने निर्माण केलं, महिला व बाल विकास विभागाच्या अखत्यारीत. तालुका आणि जिल्हा पातळीवर ते असतात. पत्ता सापडला नाही तर जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारायचं, किंवा गावातल्या अंगणवाडी सेविकेला. ती नक्की सांगते. अडचण ही की पुष्कळ ठिकाणी या अधिकाऱ्याकडे आणखी चार कामं असतात, बसायला धड खोली नसते, टायपिंगला माणूस नसतो. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना जिल्हा आणि तालुका पातळीवर संरक्षण अधिकारी नेमा किंवा नियुक्त करा असं मुदत घालून सांगितलं. कायदा होऊन जवळजवळ वीस वर्षांनी हे सांगावं लागलं, यातच परिस्थिती कळते. म्हणून "साहेब मीटिंगला गेलेत" असं ऐकून परत फिरू नका. लेखी अर्ज द्या, पोच घ्या, पुढच्या वेळेची तारीख मागून घ्या.

संरक्षण अधिकारी बहिणीचं ऐकून एक अहवाल भरतात: कौटुंबिक घटना अहवाल. सगळे 'डीआयआर' म्हणतात. त्याचा नमुना कायद्याच्या नियमांतच छापलेला आहे आणि तो तिच्याकडून भरून घेण्याला मी फार महत्त्व देते. त्यात कोणत्या प्रकारची हिंसा त्याच्या चौकटी असतात, तारीख, वेळ, जागा, कोणी केली ते लिहायचं असतं, सोबत जोडलेल्या कागदांची यादी असते आणि शेवटी कोणते आदेश हवेत ते. बाई तिथे बसते आणि म्हणते, "रोजच मारतात हो, काय काय सांगू." इथेच अहवाल पातळ होतो. "रोज मारतो" हे वाक्य कोर्टात काहीच सांगत नाही. तिला तारखा आठवत नाहीत, पण प्रसंग आठवतात. मी विचारते, पोळ्याच्या दिवशी होतं का? मुलीच्या वाढदिवसाच्या आधी की नंतर? त्या वेळी गॅस संपला होता का? कोण घरात होतं? "गौरी उठल्या त्या दिवशी, रात्री जेवणं झाल्यावर, भाजीत मीठ जास्त म्हणून ताट फेकलं, ते इथे लागलं, शेजारच्या काकूंनी हळद लावली." हे असं लिहिलं की तारीख पंचांगातून निघते, साक्षीदार निघतो आणि समोरच्या वकिलाला त्यात बोट घालायला जागा राहत नाही. पहिला प्रसंग, सर्वांत वाईट प्रसंग आणि शेवटचा प्रसंग, निदान हे तीन असे तपशिलात हवेत. ही टिपणं तिने आधी तुमच्याशी फोनवर बोलून काढली तर अधिकाऱ्यासमोर ती भांबावणार नाही.

डीआयआर नसला तरी कोर्ट अर्ज ऐकू शकतं, हे २०२२ मध्ये प्रभा त्यागी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय. त्यामुळे अधिकारी भेटतच नसेल तर वकिलामार्फत थेट अर्ज करता येतो. "इतक्या वर्षांनी कशाला आलीस" हेही कोणी ऐकवू नये. या कायद्याखालच्या अर्जाला एक वर्षाची मुदत लागू नाही, हाही त्याच वर्षीचा निकाल आहे.

अर्ज कुठे करायचा हा तुमच्यासाठी महत्त्वाचा मुद्दा. ती पिंपरीला राहते तिथे करता येतो, नवरा राहतो तिथे करता येतो, आणि ती तात्पुरती माहेरी आली असेल तर तुमच्या तालुक्याच्या कोर्टातही करता येतो. तिच्या वतीने दुसरी व्यक्तीही अर्ज करू शकते. संरक्षण अधिकाऱ्याला नुसती माहिती तर कोणीही देऊ शकतं, आणि ती चांगल्या हेतूने दिली असेल तर त्याबद्दल तुमच्यावर काही जबाबदारी येत नाही. मात्र तिला तिकडे, त्या घरात राहायचं असेल तर पिंपरीतच करा. आदेशाची अंमलबजावणी तिथले पोलीस करणार, लातूरचे नाही.

वकील फुकट मिळतो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे कुठल्याही बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. प्रत्येक तालुका कोर्टाच्या आवारात तालुका विधी सेवा समितीचं कार्यालय असतं, साध्या कागदावर अर्ज चालतो, आणि १५१०० हा त्यांचा हेल्पलाइन क्रमांक. मिळालेला वकील तारखांना येत नसेल तर बदलून मागता येतो. लोक संकोचाने मागत नाहीत. मागा.

कायद्यात लिहिलंय की पहिली तारीख साधारण तीन दिवसांत लागावी आणि अर्ज साठ दिवसांत निकाली निघावा. प्रत्यक्षात महिने जातात, पुष्कळदा वर्षाच्या वर जातं. हे मी आधीच सांगते, कारण साठ दिवसांवर भिस्त ठेवून बसलेली बाई एकसष्टाव्या दिवशी खचते. या उशिरावर उपाय एकच, अंतरिम आदेश, म्हणजे अंतिम निकाल लागेपर्यंतचा तात्पुरता आदेश. मूळ अर्जाबरोबरच त्यासाठीचा वेगळा अर्ज आणि प्रतिज्ञापत्र द्यायचं, आणि धोका असेल तर समोरच्याला ऐकण्याआधीच एकतर्फी आदेश मागायचा. बरीच कोर्टं आधी नोटीस काढतात, पण ताज्या माराचा दवाखान्याचा कागद समोर असेल तर एकतर्फी आदेश मिळालेले मी पाहिलेत. नोटीस न बजावता परत येणं हे उशिराचं सर्वांत मोठं कारण. नवरा घरी "भेटत नाही". म्हणून अर्जात त्याच्या कंपनीचा पूर्ण पत्ता, गेट, पाळी, मोबाइल नंबर सगळं द्यायचं.

पैशाच्या बाबतीत तुमची बहीण अनेकींपेक्षा बऱ्या जागी आहे, कारण नवरा पगारदार आहे. खावटी, मुलांच्या शाळेचा आणि औषधाचा खर्च या अर्जातच मागता येतो, वेगळ्या केसची गरज नाही. २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालानंतर दोघांनाही उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, आणि खावटी अर्जाच्या तारखेपासून धरली जाते. नवरा "मला बारा हजारच मिळतात" म्हणणार, हे ठरलेलं. तिने घरात असतानाच पगाराची स्लिप, बँकेचा मेसेज, पीएफचा कागद, कर्जाचा हप्ता, यांचे फोटो काढून तुम्हाला पाठवावेत आणि आपल्या फोनमधून पुसून टाकावेत. त्याने खावटी थकवली तर कोर्ट थेट कंपनीला आदेश देऊ शकतं की पगारातून कापून बाईच्या खात्यात भरा. ही तरतूद कलम २० मध्ये आहे आणि वकीलसुद्धा ती मागायला विसरतात. स्त्रीधनाचंही तसंच. लग्नातले फोटो, सोनाराची बिलं, भांडी-कपाटाची यादी काढून ठेवा; ते परत मिळावं असा आदेश याच कोर्टातून होतो.

आता दवाखाना. मार झाल्यावर ती आजवर दवाखान्यात गेली असेल तर तिथे काय सांगितलं हे तिला विचारा. "पडले", "दार लागलं", "गाडीवरून घसरले" हेच केस पेपरवर असेल. नवराच शेजारी उभा असतो, दुसरं काय सांगणार ती? पण वर्षभराने तोच कागद समोरचा वकील काढतो. पुढच्या वेळी, पुढची वेळ न येवो, तिने महापालिकेच्या किंवा सरकारी दवाखान्यातच जावं. पिंपरीत यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे. डॉक्टरांना म्हणावं, "मला एकटीला बोलायचंय", आणि स्पष्ट सांगावं: नवऱ्याने अमुक वस्तूने, अमुक ठिकाणी मारलं. ते तसंच केस पेपरवर लिहायला सांगावं, एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची वैद्यकीय नोंद, करायला सांगावी, आणि कागदाची प्रत घेऊन यावी. आधी पोलिसांत जा, मग उपचार, असं कोणी म्हणू शकत नाही. डीआयआर नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत हे नियमातच आहे. मुंबईत तर वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात साधारण पंचवीस वर्षांपूर्वी 'दिलासा' नावाचं केंद्र सुरू झालं, दवाखान्यातच हिंसाग्रस्त बायकांचं समुपदेशन करणारं. ते पुढे महापालिकेच्या इतर रुग्णालयांत पसरलं. ओळखीच्या कोणी बाई मुंबईत असतील तर त्यांना याची माहिती द्या. डोकं दुखतं म्हणून केस पेपर काढला आणि तिथून मदत सुरू झाली, असं घडू शकतं, आणि घरी संशयही येत नाही.

पोलिसांचं सांगते. फौजदारी बाजूला पूर्वीचं ४९८-अ आता भारतीय न्याय संहितेत कलम ८५ आणि ८६ झालं आहे, १ जुलै २०२४ पासून. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. गुन्हा दखलपात्र आहे आणि तक्रार तीच देऊ शकते असं नाही, रक्ताच्या नात्यातलं माणूस, म्हणजे तुम्हीही देऊ शकता. ती माहेरी येऊन राहिली असेल तर गुन्हा माहेरच्या ठाण्यातही दाखल होऊ शकतो. ठाण्यात गेलं की बहुतेक वेळा आधी एनसी घेतात. एनसी म्हणजे अदखलपात्र नोंद. तीवर कोर्टाच्या परवानगीशिवाय तपास होत नाही. तरी तिची प्रत घेऊन जपून ठेवा, डी.व्ही.च्या अर्जाला ती जोडता येते. अटक लगेच होईल या हिशेबाने एफआयआर करू नका. २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात पोलीस सरसकट अटक करत नाहीत, आधी नोटीस देतात. म्हणजे एफआयआर झाली आणि नवरा संध्याकाळी घरीच, असं होऊ शकतं. संरक्षणाचा आदेश हातात असताना, किंवा ती सुरक्षित जागी पोहोचल्यावर एफआयआर करणं, हा क्रम मला जास्त योग्य वाटतो. गंभीर दुखापत झाली असेल तर मात्र थांबायचं नाही.

ठाण्यातून तुम्हाला भरोसा सेल किंवा महिला सहाय्य कक्षाकडे पाठवतील. पोलिसांच्या आवारात प्रशिक्षित सामाजिक कार्यकर्त्या बसवण्याची ही कल्पना महाराष्ट्रातली. १९८४ मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने मुंबईत पहिला विशेष कक्ष सुरू केला आणि नंतर राज्य सरकारने तो जिल्ह्याजिल्ह्यांत नेला. चांगली समुपदेशक मिळाली तर तिचा फार मोठा आधार असतो. पण तिथे 'समेट' करून फाइल बंद करण्याची घाई दिसली तर सावध व्हा. नवऱ्याने स्टँप पेपरवर "यापुढे मारणार नाही, दारू पिणार नाही" असं लिहून दिलं, दोघांनी सह्या केल्या, आणि बाई परत गेली: अशा कागदाने काहीही बांधलं जात नाही. उद्या त्याने मारलं तर तो कागद मोडल्याबद्दल पोलीस त्याला हात लावू शकत नाहीत. समेट करायचाच असेल तर त्याच अटी डी.व्ही.च्या अर्जात कोर्टाकडून संरक्षण आदेश म्हणून करून घ्या. मग मोडल्यास गुन्हा, तोही दखलपात्र आणि अजामीनपात्र. तुमच्या त्या दोन बैठकांमध्ये नेमकं हेच राहून गेलं. आणि गावाकडचे लोक नोटरीसमोर सोडचिठ्ठी करायला सुचवतील, त्यावर बहिणीने सही करायची नाही. एखाद्या जातीत तशी रूढ प्रथा कोर्टात सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी, एरवी हिंदू लग्न अशा कागदाने मोडत नाही. पण पुढे खावटी मागायला गेल्यावर "हिने स्वखुशीने सोडलं" म्हणून तोच कागद पुढे येतो.

तिला निघावंच लागलं तर चार पैशांचा आधार देणाऱ्या काही योजना आहेत. थोडक्यात सांगते. लाडकी बहीण तिला विवाहिता म्हणूनच मिळत असेल. पैसे कोणत्या खात्यात येतात आणि एटीएम कार्ड कोणाकडे आहे ते मात्र तपासा, बहुतेक वेळा नवऱ्याकडेच असतं. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत परित्यक्ता आणि अत्याचारित महिला बसतात; अर्ज तहसील कार्यालयात, उत्पन्नाची अट फार कडक आहे, आणि दोन्ही योजनांचा लाभ एकत्र मिळत नाही. मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे, दर मुलामागे महिना २,२५० रुपये. एकट्या पडलेल्या आईची मुलंही त्यात येतात. अर्ज महिला व बाल विकास विभागातच, बालकल्याण समितीमार्फत मंजूर होतो. मंजुरीला वेळ लागतो, म्हणून लवकर करा. शाळेच्या दाखल्यासाठी ती सासरी अडकून पडणार नाही हेही तिला सांगा. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे दाखला यायला उशीर झाला म्हणून दुसरी सरकारी किंवा अनुदानित शाळा प्रवेश नाकारू शकत नाही.

एक गोष्ट तुमच्याबद्दल. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसलं की शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या देशभरातल्या बायकांपैकी ७७ टक्क्यांनी ना कोणाकडे मदत मागितली, ना कोणाला सांगितलं. मदत मागितली ती फक्त १४ टक्क्यांनी. तुमच्या बहिणीने तुम्हाला सांगितलंय. आता तिने निर्णय बदलला, उद्या म्हणाली "राहू दे दादा, ते सुधारलेत", तर चिडू नका आणि "आता पुन्हा मला फोन करू नकोस" असं तर चुकूनही म्हणू नका. बाई अनेकदा जाते, परत येते. घाबरून, मुलांसाठी, कधी खरंच आशेने. त्या सगळ्या वेळात तुमचा फोन तिच्यासाठी उघडा राहायला हवा. तिच्या नवऱ्याला फोन करून दम देऊ नका, चार पोरं घेऊन तिकडे जाऊ नका. त्याचा राग त्या रात्री तिच्यावरच निघतो, आणि वर तुमच्यावरच एनसी होते.

सुरुवात साधी करा. या आठवड्यात तो कामावर असताना तिच्याशी फोनवर बोला आणि वर लिहिलेले धोक्याचे प्रश्न विचारा. तिचं आणि मुलांचं आधार, लग्नाचा दाखला किंवा पत्रिका आणि फोटो, मुलांचे जन्मदाखले, बँक पासबुक, जुने केस पेपर, यांचे फोटो तिच्याकडून मागवून घ्या. एक कपड्यांची पिशवी आणि थोडे रोख पैसे विश्वासातल्या शेजारणीकडे ठेवायला सांगा. मग तुम्ही रजा काढून पिंपरीला जा, तिला माहेरचं काहीतरी निमित्त काढून घराबाहेर बोलवा आणि दोघं मिळून संरक्षण अधिकाऱ्याकडे डीआयआर भरायला जा. आदेश मिळाला की त्याची प्रत तिला मोफत मिळते आणि पोलीस ठाण्यालाही जाते. एक झेरॉक्स तिच्याकडे, एक शेजारणीकडे, फोटो तुमच्या फोनमध्ये. त्यानंतर कधीही ११२ ला फोन करायची वेळ आली तर तिने पहिलं वाक्य हेच बोलायचं: "माझ्याकडे कोर्टाचा संरक्षण आदेश आहे आणि तो मोडला जातोय." मग ठाण्यातल्या माणसाला हे 'घरगुती भांडण' म्हणून टाळता येत नाही.